टिपणीसकाका आणि चॅनेलपलीकडची माणसं

टिपणीसकाका आमच्या घरात पहिल्यांदा आले ते "थांबा!" असं ओरडत.

सिंगापूरमधल्या चोआ चू कांगच्या या ब्लॉकमध्ये आम्ही राहायला आलो त्या दिवसाची गोष्ट. खोकी दारातच पडली होती. चहा मिळाल्याशिवाय मी एकाही खोक्याला हात लावणार नव्हते. माझा नवरा अमेय, त्याने ॲमस्टरडॅमच्या प्रोजेक्टवरून परत येताना आणलेली दोन पिनांची केटल इथल्या तीन भोकांच्या सॉकेटमध्ये बसवत होता. वरच्या भोकात चॉपस्टिक खुपसली की खालची दोन उघडतात, ही विद्या त्याला ऑफिसातल्या कुणीतरी दिली होती. चॉपस्टिक भोकात, प्लग हातात, आणि उघड्या दारातून एक उंच, सत्तरीचे, अर्ध्या चड्डीतही शर्ट खोचलेले गृहस्थ थेट स्वयंपाकघरात.

"केटल चॅनेलच्या पलीकडची आहे," प्लग दोन बोटांत धरून ते म्हणाले, "आणि भिंत अलीकडची. असं जबरदस्तीने लग्न लावू नये."

"कुठलं चॅनेल?" मी विचारलं. मला वाटलं टीव्हीचं काहीतरी असेल.

"इंग्लिश चॅनेल. जगात चॅनेल एकच."

मग वर जाऊन त्यांनी ॲडॅप्टर आणला, केटल लावून दिली आणि आमचाच चहा पीत आम्हाला सॉकेटवर व्याख्यान दिलं. इंग्रजाच्या सॉकेटला स्वतंत्र बटण असतं, प्लगच्या पोटात आणखी फ्यूज असतो, कारण इंग्रजाचा भिंतीवरही विश्वास नाही आणि प्लगवरही नाही. पलीकडचा, म्हणजे युरोपातला, माणूस प्लग सरळ भिंतीत खुपसतो आणि कामाला लागतो. "एका प्लगवरून देश कळतो," काका म्हणाले. मला मात्र त्या प्लगवरून फक्त शेजारी कळला.

काका आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर एकटेच राहतात. मूळचे ठाण्याचे. बर्मिंगहॅमजवळच्या एका कारखान्यात ऐन उमेदीची वर्षं गेली, मग तो कारखाना जर्मनांनी विकत घेतला आणि काकांना उचलून जर्मनीत नेलं, मग तिथून इथे. निवृत्त झाले आणि इथेच राहिले. आडनाव टिपणीस असून टिपून काहीच ठेवत नाहीत, सगळं तोंडपाठ. जगातली प्रत्येक वस्तू, सवय आणि माणूस त्यांच्या लेखी चॅनेलच्या अलीकडचा असतो नाहीतर पलीकडचा. उरलेल्या जगाचं काय, असं मी एकदा विचारलं. "उरलेलं जग या दोघांपैकी कुणाकडून तरी बिघडलेलं आहे," हे उत्तर मिळालं.

सुरुवातीला मला वाटायचं, हा म्हाताऱ्या इंजिनीयरचा रिकामा उद्योग. पण हा उद्योग लागला तो सुनेमुळे. निनाद, त्यांचा एकुलता एक मुलगा, हॅम्बुर्गला स्थायिक झाला आणि त्याने तिथल्याच हायकेशी लग्न केलं. अंगात इंग्रज मुरलेल्या सासऱ्याला सून मिळाली ती पक्की पलीकडची. तिचं म्हणणं नीट कळावं आणि आपलं तिला नीट कळावं, एवढीच काकांची धडपड होती. शास्त्र नंतर वाढलं.

पहिल्याच भेटीत घोटाळा झाला होता. हायकेच्या आईने काका आणि त्यांची बायको सुनंदाकाकू, दोघांना जेवायला बोलावलं. हायकेने इंग्रजीत वेळ सांगितली, "हाफ एट." इंग्लंडमध्ये याचा अर्थ साडेआठ. जर्मन माणूस मात्र आठव्या तासातला अर्धा गेला असं मोजतो, म्हणजे साडेसात. काका-काकू फुलं घेऊन साडेआठच्या ठोक्याला दारात हजर. विहीणबाईंनी दार उघडलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्हाला उशीर का झाला?"

"इंग्लंडमध्ये हे वाक्य कुणी तोंडाबाहेर काढत नाही," काका मला म्हणाले. "मनात ठेवतात, आयुष्यभर."

पुढे जेवताना विहीणबाईंनी विचारलं, आणखी बटाटे हवेत का? काकांनी रीतीप्रमाणे "नो, थँक यू" म्हटलं आणि दुसऱ्या आग्रहाची वाट बघत काटा हातात धरून बसले. बटाटे आत गेले.

"परत आलेच नाहीत?"

"फ्रिजमध्ये गेले."

मी पोट धरधरून हसले. आमच्या माहेरी पहिल्या "नको"चा अर्थ "वाढा" असाच असतो. दुसऱ्या "नको"वर अर्धी पोळी पडते, आणि तिसऱ्याला ताटावर आडवा हात धरला तरच वाढणारी थांबते. काकांनी हे ऐकलं आणि त्यांचे डोळे चमकले. त्यांच्या शास्त्रात नवा सिद्धान्त जन्मला होता. जर्मन माणूस एकवीसला 'एक आणि वीस' म्हणतो, आपणही आधी एक आणि मग वीस. तेव्हा, "मराठी माणूस मोजताना जर्मन आणि जेवताना इंग्रज!" हे वाक्य त्यांनी लिफ्टमध्ये, मार्केटमध्ये आणि एकदा गणपतीच्या आरतीच्या रांगेत मला ऐकवलं आहे.

त्यांच्याबरोबर हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, जेवायला जाणं ही एक शिक्षाच असते. सिंगापूरमध्ये रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की ते टेबल तुमचं, मग खुशाल रांगेत जाऊन उभे राहा. पहिल्यांदा हे दाखवलं तर काका पाकिटासमोर देवासमोर उभं राहावं तसे उभे राहिले. "रांग अलीकडची," ते म्हणाले, "पण हे पाकीट पलीकडचं. जर्मन माणूस सुट्टीवर गेला की पहाटे उठतो, हॉटेलातल्या पोहण्याच्या तलावाकाठच्या आरामखुर्चीवर टॉवेल टाकतो आणि परत जाऊन झोपतो." मी म्हटलं, काका, आधी ऑर्डर द्या. तर स्टॉलवर जाऊन त्यांनी सुरू केलं, "आय वंडर इफ आय माइट पॉसिब्ली ट्रबल यू फॉर अ…"

"अंकल," काउंटरमागच्या आंटीने मोठा चमचा आपटत विचारलं, "वॉन्ट ऑर डोन्ट वॉन्ट?"

काकांना "वॉन्ट" म्हणता येईना. मागे रांग वाढत होती. शेवटी मीच दोन बोटं वर करून दोन प्लेटी घेतल्या.

पण त्यांच्या शास्त्राचा मला उपयोगही झाला, हे सांगायला हवं. तांजोंग पगारच्या आमच्या ऑफिसात माझा साहेब इंग्रज. माझ्या प्रस्तावावर तो "व्हेरी इंटरेस्टिंग" म्हणाला म्हणून मी पेढे वाटायच्या बेतात होते. काका म्हणाले, "नापास." खरंच तो कागद पुन्हा कुणी पाहिला नाही. मग बेल्जियमहून नवी बाई आली. तिने माझं काम वाचून सगळ्यांसमोर "धिस इज नॉट गुड" म्हटलं आणि मी एमआरटीच्या गाडीत डोळे पुसत घरी आले. काका म्हणाले, "अगं, तिने वाचलं! आता उद्या जाऊन विचार, काय गुड नाही ते." विचारलं. तासभर बसून तिने सगळं समजावलं, आणि आज आम्ही दोघी एका डब्यातून जेवतो.

या मार्चमधली गोष्ट. काका खाली आले, खुर्चीच्या टोकावर बसले आणि म्हणाले, "एक उदाहरण सांगतो. समजा, एका माणसाची बायको वारली."

मी भाजी चिरत होते. म्हटलं, "समजलं."

"मुलगा येऊन दिवसवार करून गेला. नंतर सुनेचा फोन आला. ती म्हणाली, मी रजा काढते, आम्ही दोघं येऊन तुमच्याजवळ दोन-तीन महिने राहू का? तर हा माणूस म्हणाला, प्लीज डोन्ट ट्रबल युअरसेल्व्ज, आय ॲम परफेक्टली ऑल राइट. आता, अलीकडच्या माणसाला याचा अर्थ कळला असता. तो दुसऱ्या दिवशी दारात उभा राहिला असता. पलीकडची सून 'ओके' म्हणाली." काकांनी चष्मा काढून पुसला. "तिची चूक काहीच नाही. तिने विचारलं, तिला उत्तर मिळालं. शास्त्राच्या दृष्टीने फार सुरेख उदाहरण आहे."

माझा हात थांबला. सुनंदाकाकूंना जाऊन तीन वर्षं झाली होती. त्या तीन वर्षांत त्यांच्या घरी कुणी पाहुणं आलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि हा माणूस मला त्याचं उदाहरण करून सांगत होता. मला त्यांचा राग आला आणि वाईटही वाटलं.

"आता पुढचं उदाहरण काय?" मी विचारलं.

पुढचं असं होतं की हायकेने परत विचारलं होतं. डिसेंबरच्या सुट्टीचं ही माणसं मार्चमध्येच ठरवतात. एक तर नेहमीसारखं तिच्या आईकडे, नाहीतर सगळी सुट्टी सिंगापूरला. रविवारी व्हिडिओ कॉलवर काकांनी काय ते सांगायचं आणि मग तिकिटं. "मला हो म्हणायचंय," काका म्हणाले. "पण माझ्या तोंडाची खात्री नाही."

मग आमच्या स्वयंपाकघरात तालीम सुरू झाली. मी हायके. कमरेवर हात ठेवून मी विचारलं, "आम्ही येऊ का?"

"दॅट वुड बी रादर नाइस…"

"नापास!"

"…प्रोव्हायडेड इट इजन्ट टू मच ऑफ अ…"

"काका! फ्रिजमध्ये गेले बटाटे!"

मराठीत करून पाहिलं, तर म्हणाले, "बघा बुवा, तुमच्या सोयीने." अमेय म्हणाला, मान तरी हलवा. काकांनी मान अशी काही हलवली की हो की नाही ते आम्हा दोघांनाही कळलं नाही. शनिवारपर्यंत एकदाही पास झाले नाहीत.

रविवारी दुपारी, म्हणजे त्यांच्या सकाळी, मी वर गेले. "तू काही बोलू नकोस, कॅमेऱ्यात येऊ नकोस, नुसती अस," अशी आज्ञा होती. मी सोफ्याच्या कडेला बसले. पडद्यावर निनाद आणि हायके दिसू लागले. हवापाण्याच्या गप्पा हायकेने दोन वाक्यांत संपवल्या.

"बाबा, टुडे वी मस्ट डिसाइड. डू यू वॉन्ट दॅट वी कम?"

"इट वुड बी लव्हली, ऑफ कोर्स," काकांनी सुरू केलं आणि मी डोळे मिटून घेतले. "बट युअर मदर विल बी अलोन. अँड द फ्लाइट इज सो लाँग. अँड रिअली, आय ॲम परफेक्टली…"

ते थांबले. मी डोळे उघडले. हायके कपाळाला आठी घालून पुढे झुकली होती. ती आठी रागाची नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"बाबा, आय डोन्ट अंडरस्टँड. इज इट यस ऑर इज इट नो?"

काका पडद्याजवळ सरकले. मग हायकेकडे न बघता मुलाकडे बघत ते म्हणाले, "निनाद, मला करमत नाही रे इथे."

पलीकडे हायके निनादकडे वळली.

"वॉट डिड ही से?" हायकेने विचारलं.

"ही सेज ही इज बोअर्ड… नो. नॉट बोअर्ड." निनादने जर्मनमध्ये एक शब्द म्हटला, मान हलवली, दुसरा म्हटला, तोही सोडून दिला. "बाबा, हे तेव्हाच का नाही सांगितलंत? मला तरी?"

"तुझं तिथे सगळं नीट चाललेलं. म्हटलं, कशाला…" निनादने चेहरा हाताने झाकला.

हायकेने नवऱ्याकडे पाहिलं, सासऱ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा नवऱ्याकडे.

"निनाद इज क्राइंग," ती म्हणाली. "सो दिस इज अ यस?"

"यस," काका म्हणाले.

मी पुढच्या "बट"ची वाट पाहिली. आला नाही.

"गुड. अँड फॉर हाउ लाँग डू यू वॉन्ट अस?"

"अ लाँग टाइम," काका म्हणाले.

हायकेने मान डोलावली आणि कॅलेंडर आणायला उठून गेली. पडद्यावर निनाद आणि इकडे काका, दोघंही एकमेकांकडे बघत बसले होते. आणि मी सोफ्याच्या कडेला तोंडावर ओढणी दाबून रडत होते, कारण मला कॅमेऱ्यात यायची बंदी होती.