डाव्या बाजूचा आरसा

जनूच्या गाडीच्या आरशात कोणी आपलं तोंड बघितलेलं जनूला खपत नसे. गाडी बोईसर स्टेशनाबाहेर उभी असायची. कारखान्यात पाळीवर निघालेला एखादा पोरगा वाकून आरशात भांग पाडायला लागला, की जनू आतून दार उघडायचा. आरसा दारालाच असल्यामुळे आरसा, दार आणि तो पोरगा तिघंही मागे जायचे.

"आरसा रस्त्यासाठी हाय, थोबाडासाठी नाय," जनू सांगायचा आणि दार लावून घ्यायचा.

एकदा एका नवरदेवाला लग्नाला पालघरला नेत होता. वाटेत नवरदेव म्हणाला, जरा थांबा, मुंडावळ्या सरळ करतो. जनू थांबला, पण आरशावर स्वतःचा रुमाल टाकून बसला. नवरदेव तिरक्या मुंडावळ्या घेऊन मांडवात गेला. "लगीन लागला ना?" जनू मला नंतर म्हणाला. "मग आरशावाचून काय अडला?"

मी सरावलीला राहतो. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात रंगखात्यात उभा जन्म काढला, आता घरी आहे. शाळा चौथीपर्यंत. जनू माझ्या शेजारच्या खोलीत राहायचा, अजून राहतो. त्याची एक जुनी फियाट. रंग कुठला ते आता सांगता येत नाही. तिच्यात तो पाळीची माणसं, बाळंतिणी, मासळीच्या पाट्या, जे मिळेल ते नेतो. फक्त उजव्या बाजूला एक आरसा. डाव्या बाजूला कधीच नव्हता. बोईसरच्या बाजारातून गाडी काढायची म्हणजे कधी टेम्पो घासतो, कधी म्हैस शिंग लावते. काच सारखी फुटायची.

पण जनू काच विकत आणायचा नाही. बसवायलाही कोणाला द्यायचा नाही.

"कंपनीची काच फसवी हाय," तो म्हणायचा. "फुगीर असते. मागचा ट्रक पाठीवर येऊन बसला तरी ती म्हणते, आजून लांब हाय. मला जेवढा हाय तेवढा दिसाया पायजे."

म्हणून त्याला घरातल्या आरशाची साधी सपाट काच लागायची. आणि ती त्याला फुकट मिळायची, कारण फुटका आरसा आमच्याकडे बायका घरात रात्रभरही ठेवत नाहीत. अशुभ समजतात. पूर्वी नाल्यात टाकून यायच्या. जनू आल्यापासून जनूकडे पाठवायला लागल्या. त्याचे कान इतके तयार झाले होते, की वस्तीत कुठेही खळकन आवाज झाला की हा दारात हजर. "काय फुटला?" बशी फुटली असं कळलं तर तोंड पाडून परत यायचा.

एकदा कोणाच्या तरी लग्नातल्या लोखंडी कपाटाचा आरसा मिळाला. त्यावर गुलाबाचं फूल होतं, काचेतच कोरलेलं, ते जाईना. मग वर्षभर मागून येणारा प्रत्येक ट्रक जनूला तोंडावर गुलाब लावून यायचा. एरवी तो काचेवर काही राहू देत नसे. बायकांच्या आरशांना टिकल्या चिकटवलेल्या असायच्याच, त्या ब्लेडने खरवडून काढायचा. "रस्त्याला टिकली नाय लागत," म्हणायचा.

काच बसवायचा कार्यक्रम माझ्या ओट्यावर चालायचा. आधी पक्कड घेऊन जुने तुकडे काढायचे. बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा आरशाच्या डबीत बसेल असा कापायचा. तो पुठ्ठा मिळालेल्या आरशावर ठेवून चांगला भाग शोधायचा. मग काच कापायची हिरकणी रॉकेलमध्ये बुडवून एकच रेघ मारायची. "दुसऱ्यांदा हात फिरवला की काच रुसते." खालून हलकेच ठोकलं की तुकडा सुटायचा. कडा ओल्या दगडावर घासायच्या, आणि पंक्चरच्या सोल्युशनने काच डबीत चिकटवायची. एकदा त्याने रस्त्याच्या कामावरचं डांबर लावून बघितलं. ऐन उन्हाळा. तारापूरला जाताना आरशात रस्ता दिसत होता, येताना दार.

पहिल्या वेळी त्याने काच घासायला आमचा पाटाच ओढला. माझी बायको सुमन आतून आली.

"भावजी, माझ्या पाट्यावर काच घासलीत तर चटणी तुम्हालाच वाढीन."

"वाडा वयनी. आजवर तुमची चटनी पचवली, काचेनं काय व्हायचा हाय."

सुमन पदर तोंडाला लावून हसली. दुसऱ्या दिवशी कुठून तरी एक वेगळा दगड आणून तिने ओट्यावर ठेवला. तो भावजींचा दगड. जनूचं लग्न झालेलं नव्हतं. का नाही ते मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. संध्याकाळचं जेवण त्याचं आमच्याकडेच असायचं. भाजीला मीठ कमी आहे हे मला कधी कळायचं नाही, त्याला कळायचं, आणि सुमनला ते आवडायचं.

सुमन गेली ती जनूच्याच गाडीत. पालघरला दवाखान्यात नेत होतो. मी मागे बसलो होतो, तिचं डोकं माझ्या मांडीवर. उमरोळीच्या पुढे ते डोकं जड झालं.

जनूने विचारलं, "वयनी कशा हायत?"

मी तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. थोडं पुढे जाऊन त्याने गाडी हळू केली. मग तशीच हळू चालवत राहिला. पालघर येईपर्यंत एकदाही भोंगा वाजवला नाही.

त्यानंतर मी घराबाहेर पडेनासा झालो. पोरगी आली, दिवसकार्य करून सासरी गेली. घरात मी आणि भिंतीवर सुमनचा आरसा. ती बुटकी होती, त्यामुळे आरसा तिच्या उंचीला लावलेला. मी सगळा संसार वाकून दाढी केली. तिने वरच्या कोपऱ्यात एक मरून टिकली लावून ठेवली होती. उद्या लावीन म्हणून ठेवलेली. ती तशीच राहिली.

पावसाळ्याच्या तोंडी भिंतीला ओल आली, खिळा सुटला, आरसा पडला. अर्ध्यातून तडा गेला. आवाज झालाच. जनू दारात आला, पण "काय फुटला?" असं त्याने विचारलं नाही. बघितलं आणि गेला.

शेजारच्या बायका म्हणाल्या, घरात ठेवू नका, टाकून द्या. मी त्यांना जे बोललो ते इथे लिहीत नाही. आरसा तिच्या लुगड्यात गुंडाळून खाटेखाली ठेवला.

पण रोज काढून बघायचो. आणि तडा होता तिथून काळं पसरायला लागलं. आधी केसाएवढं, मग बोटाएवढं. आमच्याकडची हवा तशीच, समुद्राचा खार आणि कारखान्यांचा वास. मी फडक्याने पुसायचो, पण काळं काचेच्या मागून येत होतं. ते टिकलीकडे निघालं होतं.

शेवटी जनूला दाखवलं. त्याने आरसा उजेडात धरला.

"तड्यातून हवा आत शिरते, मादू. पावसाळा सरला की यात काय दिसायचा नाय. हा वरचा तुकडा आजून चांगला हाय. कापला तर वाचेल."

"कापून?"

"कापून."

"म्हणजे तुझ्या गाडीला लावणार. ती काय धुरळा खायला गेली का रे?"

"ठेव मग खाटेखाली," तो म्हणाला आणि उठला. दारात थांबून म्हणाला, "माजी पन वयनी होती."

मी दोन दिवस आरसा बाहेर काढला नाही. तिसऱ्या दिवशी काढला, तर काळं टिकलीपासून करंगळीभर अंतरावर राहिलं होतं. लुगड्यासकट उचलला आणि त्याच्या दारात ठेवून आलो. तो कापताना बघायला गेलो नाही. ओट्यावर दगडाचा आवाज येत होता, तेवढा ऐकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने हाक मारली. "मादू, सदरा घाल. पालघरला जायचा हाय, पुढं कोन बसायला नाय."

मी गाडीजवळ गेलो. उजवीकडे त्याचा नेहमीचा आरसा. डाव्या दाराला, जिथे कधीच काही नव्हतं, तिथे भंगारातून आणलेली एक डबी ठोकली होती. तिच्यात सुमनची काच. कडा छान घासलेल्या, काळं कुठे नाही. वरच्या कोपऱ्यात टिकली होती. तिच्या आजूबाजूने त्याने काच इतकी पुसली होती की टिकली उचलून परत लावल्यासारखी वाटत होती. उचलली नव्हती. मला ठाऊक आहे, कारण तिची एक बाजू पहिल्यापासून जरा उकललेली होती, ती तशीच होती.

मी आत बसलो. आरशात बघायला गेलो तर वाकावं लागलं. वाकलो. त्यात रस्ता नव्हता. मागची गाडी नव्हती. माझं पांढरे खुंट वाढलेलं तोंड होतं, आणि कानाशी सुमनची टिकली.

"जनू, यात रस्ता दिसत नाही."

"रस्ता मी बगतो," तो म्हणाला आणि गाडी सुरू केली.

स्टेशनाबाहेर तीन कामगार मागे बसले. एकाने मागून माझ्या खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या बाजूचा आरसा नीट करायला घेतला. "चाचा, ये शीशा टेढ़ा लगा है."

जनूने तो हात धरून अलगद आत केला.

"टेढ़ा नहीं है," तो म्हणाला. "उधर आदमी बैठता है."