बटनं कुणी लावली?

लातूरचे डॉ. मुखेडकर मेंदूचे डॉक्टर आहेत, पण पेशंट आत आला की आधी त्याच्या सदऱ्याकडे बघतात. नाव नाही, वय नाही, त्रास नाही. पहिला प्रश्न एकच : "बटनं कुणी लावली?"

माझ्या वडिलांना, बापूंना, लकवा मारून सतरा दिवस झाले होते. सगळी उजवी बाजू लुळी. अहमदपूरहून त्यांना गाडीत आडवं घालून आणलं, आणि हा प्रश्न!

"म्या लावली," माझी बायको सुनंदा म्हणाली. शाबासकी मिळेल असं तिला वाटलं असावं.

"जेवू कोण घालतं?"

"मीच. न्हाई तर भेटायला आलेलं कुणी बी भरवतं. डाव्या हातानं जेवणं बरं दिसत न्हाई ना."

"किती आले भेटायला?"

मी मोजणी खात्यात अठ्ठावीस वर्षं जमिनी मोजतोय. आकडा माझ्याकडे असतोच. "एक्केचाळीस," मी म्हणालो.

"एक्केचाळीस जणांनी घास भरवला, आन् उजव्या हाताला एकानं बी काम सांगितलं न्हाई! ताई, अर्धा हात लकव्यानं नेला. उरलेला तुमची सेवा नेऊन राहिली."

सुनंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सतरा दिवस त्या बाईची पाठ जमिनीला लागली नव्हती.

बापू मोंढ्यात मापाडी होते. लोकांचं धान्य मोजून देण्यात त्यांची हयात गेली. त्यांचं मागणं एकच : "चालाय न्हाई आलं तर ऱ्हाऊ दे. माह्या हातानं भाकर मोडता आली पाहिजे." तेवढ्यासाठी आम्ही लातुरात महिनाभर खोली घेतली आणि या माणसाच्या तावडीत सापडलो.

डॉक्टरांच्या हॉलमध्ये तीन पायऱ्यांचा जिना आहे. तो कुठंच जात नाही. एका फळीवर कड्या, नळ, कुलपं ठोकली आहेत. एका टोपल्यात ज्वारी आणि सोयाबीन मिसळलेलं. पेशंटांनी ते निवडायचं, आणि निवडून झालं की डॉक्टरांनी स्वतः येऊन पुन्हा मिसळायचं. निलंग्याच्या एका आजीबाईंनी दोन तास निवडलेलं त्यांनी माझ्यादेखत ढवळलं. आजी ओरडल्या, "मुडद्या, तुला दुसरं काम न्हाई का?" डॉक्टर खूश. "शिवी साफ आली! मागच्या आठवड्यात नुसतं 'मु' यायचं," म्हणत त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं.

आणि दुसऱ्याच्या बटनांची उठाठेव करणारा हा माणूस स्वतः कसा? सदरा रोज एक काज चुकलेला. एक टोक वर, एक खाली. मी अकरा दिवस पाहिलं, अकराही दिवस चूक. खुणेचा दगड सरकलेला मला बांधावर चालत नाही, तिथं छातीवर कसा चालेल?

अकराव्या दिवशी त्यांनी कहर केला. बापूंचा चांगला डावा हात लोकरीच्या मोज्यात घालून वरून नाडी बांधली. समोर भाजी-भाकरी ठेवली. "कुणी हात लावायचा न्हाई!"

सत्तेचाळीस मिनिटं मी घड्याळ बघितलं. बोटं भाकरीवरून घसरत होती, ताटली सरकत होती, बापूंच्या नाकावरून घाम टपकत होता. तुकडा मोडत नव्हता.

मी उठलो. "साहेब, म्हातारा उपाशी हाय आन् तुम्ही गंमत बघून राहिले! लोकांना विचारता, तुमची सोताची बटनं कुणी लावली? एक तरी जागेवर हाय का?"

डॉक्टरांनी सदऱ्याकडे बघितलं.

"बायकोनं," ते म्हणाले. "उजव्या हातानं. तिला लकवा होऊन सहा वर्षं झाली. तवर मी नुसते मेंदूचे फोटो बघायचो, गोळ्या लिहून द्यायचो. घरी तिला दोन वर्षं मीच भरवलं, वेणी बी मीच घातली. बोटाला तोशीस लागू दिली न्हाई. हात वाळत गेला." सदऱ्याचं खाली आलेलं टोक बोटांत धरून म्हणाले, "आता कुठं पाच बटनं येतात. पंचवीस मिनिटं लागतात. मी उभा ऱ्हातो."

"एक काज चुकतं," मी म्हणालो. काही सुचलं नाही की मी मोजमापावर येतो.

"हाव. माहीत हाय."

तेवढ्यात ताटली खडखडली. आम्ही सगळे डॉक्टरांकडे बघत असताना बापूंनी भाकरीचा कोपरा मोडला होता. भाजी सदऱ्यावर सांडली, पण घास तोंडात गेला. सुनंदा पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळली. मोजा सोडायला कुणी सांगितलं नाही, मीही नाही.

निघायच्या दिवशी बापू सदरा स्वतः घालून, काठी टेकत आत गेले. डॉक्टरांनी काही विचारायच्या आधीच बापू म्हणाले, "म्या लावली." एकही काज चुकलं नव्हतं. मग जन्मभर मापं घातलेल्या त्या माणसाला राहवलं नाही. "सायेब, तुमचं माप चुकलंय," म्हणत त्यांनी थरथरता उजवा हात डॉक्टरांच्या सदऱ्याकडे नेला.

डॉक्टर झटकन मागे सरले. त्यांनी बटनांवर तळहात धरला. हाताला काम नाकारताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

"एवढी ऱ्हाऊ द्या, बापू," ते म्हणाले. "संध्याकाळी तिलाच काढायची असतात."