दामूकाकांची पेटीतली मोटारसायकल

दामू म्हात्रे आमच्याकडे चहाला आले की आधी खुर्ची उलटी करत. लोखंडी खुर्ची, तिला नट चार. खिशातून लहान पाना काढून ते चारही नट तपासत, एखादा अर्धा आटा आवळत आणि मगच टेकत.

"कंपनीनं आवळलंय म्हंजे आवळलंय असं नाय, मास्तर," असं म्हणून ते बशीत चहा ओतत.

पेणमध्ये आमची घरं शेजारी शेजारी. मी शाळेत मास्तर आणि ते रोह्याच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. तीस वर्षं पेण-रोहा ये-जा केली, तीन शिफ्टमध्ये. निवृत्त झाल्यावर आवळायला कारखाना उरला नाही, म्हणून त्यांनी आळी धरली. शाळेचं फाटक, देवळातला पंखा, डॉक्टरांच्या दवाखान्यातला पाळणा, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं. एका लग्नात तर अक्षता पडायच्या आधी त्यांनी नवरदेवाला उठवून त्याची खुर्ची पाहिली होती. नट खरंच ढिला निघाला, त्यामुळे कुणाला रागावताही आलं नाही.

असा माणूस दुकानातली तयार मोटारसायकल कशी घेणार? वयाच्या एकसष्टाव्या वर्षी त्यांनी गाडी घ्यायचं ठरवलं तेव्हा रोह्याच्या विक्रेत्याला त्यांनी एकच अट घातली. गाडी पेटीबंद पाहिजे.

"काका, पेटी आम्ही इथंच फोडतो. आमचा मेकॅनिक दोन तासांत गाडी जोडून देतो," विक्रेता म्हणाला.

"दोन तासांत? मंग तर नकोच."

आठवडाभर घासाघीस झाली. शेवटी असं ठरलं, की काकांनी गाडी घरी जोडावी, विक्रेत्याच्या मेकॅनिकनं येऊन तपासावी आणि मग आरटीओकडे नोंदणीला न्यावी. गाडी अगदी साधी होती, त्या कंपनीची सगळ्यात स्वस्त. टेम्पोतून लाकडी पट्ट्यांची पेटी उतरली तेव्हा आळीला वाटलं, काकांनी कपाट आणलं.

पेटी फोडायलाच एक सकाळ गेली. आत गाडीचा सांगाडा होता, इंजिन बसवलेलं. पुढचं चाक वेगळं, हँडल वेगळं, आरसे, बॅटरी, मडगार्ड सगळं पुठ्ठ्यात गुंडाळलेलं. काकांनी पडवीत जुनी चटई अंथरली आणि एकेक वस्तू ओळीनं मांडली. नंतर त्यांनी जे केलं ते पाहून सुमनकाकी, म्हणजे त्यांची बायको, कपाळावर हात मारून घेऊन आमच्याकडे आली.

"जोडायची गाडी आणली ना? तर जोडलेलं होतं तेपण सोडून ठेवलंय. बघा तुमीच."

खरंच होतं. मागचं चाक कंपनीनं बसवलेलं होतं, ते काकांनी काढलं. चेन उतरवली, रॉकेलमध्ये धुतली, पुन्हा तेल दिलं. स्पोकवर पान्यानं टिचकी मारून आवाज ऐकत बसले. आवाजात फरक वाटला की तार आवळायची, पुन्हा टिचकी.

आठ दिवस पडवी अडलेली. काकी चिडचिड करत मागच्या दारानं ये-जा करत होती. तिचे गुडघे दोन वर्षांपूर्वी आखडले होते. एसटीची पायरी चढता येईना म्हणून तिचं बाहेर पडणंच बंद झालं. माहेर गागोद्याकडे, इथून फार लांब नाही, पण तेही सुटलं. रिक्षाचं नाव काढलं की म्हणे, "रिक्षा करून म्हायेरी जायला मी काय पेशंट हाय?" तिचा थोरला भाऊ वयानं थकलेला. त्याच्याशी फोनवर बोलणं व्हायचं, तेही "बरी हाय, बरी हाय" एवढंच.

सहाव्या दिवशी काकांनी तिला स्टुलावर बसवलं आणि टेप घेऊन गुडघ्यापासून तळव्यापर्यंत मोजलं.

"ए गो, हलू नको."

"मलापण सोडून धुताय की काय आता?"

काकांनी आकडा खडूनं भिंतीवर लिहिला आणि बाजारात निघून गेले.

नवव्या दिवशी विक्रेत्याचा मेकॅनिक आला. त्यानं तासभर गाडी पाहिली, एक चक्कर मारली, खोट सापडली नाही. चहा पिऊन तो निघाला तेव्हा काकांनी त्याचीच मोटारसायकल अडवली. तिचा सायलेन्सर एका नटावर लटकत होता. तो आवळून घेतल्यावरच त्याला जाऊ दिलं.

नोंदणी झाली, नंबर आला. रविवारी सकाळी काकांनी मला हाक मारली.

"मास्तर, तुमची स्कूटर काढा. मागून या. काय पडलं तर उचला."

काकांनी गाडी ओट्याला अगदी चिकटून उभी केली. डाव्या बाजूला साडी गार्ड होतं आणि त्याखाली पाय ठेवायला रुंद पट्टी, नेहमीपेक्षा बरीच खाली, वर रबर लावलेली. ओट्यावर उभं राहिलं की सीट बरोबर खुर्चीएवढी उंच यायची.

"बस," काका म्हणाले.

"मी? कुठं जायचंय?"

"बस तर."

काकी टेकली. पाय पट्टीवर आपोआप गेले, गुडघा फारसा वाकवावाच लागला नाही. काकांचा खांदा धरावा की सीट, हे तिला कळेना. शेवटी तिनं सदऱ्याची कड धरली.

काकांनी गाडी इतकी सावकाश चालवली की दोन सायकली आमच्या पुढे गेल्या. गागोद्याचा फाटा आला तेव्हा काकीनं एकदा मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

तिच्या भावाच्या दारात काकांनी गाडी पुन्हा ओट्याला चिकटवली. काकी उठली ती सरळ ओट्यावर. म्हातारा भाऊ आतून आला, बहिणीला पाहून दारातच थांबला.

"सुमन! आलीस गो?"

तिनं त्याचे दोन्ही हात धरले. मग ती त्याला घेऊन आत गेली.

थोड्या वेळानं तो पाण्याचा तांब्या घेऊन माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, "गेल्या म्हयन्यात भावोजी एकटेच आले होते. टेपनं आमचा ओटा मोजला आणि चहापण न घेता गेले. आमाला वाटलं, डोकं फिरलं."

काका अंगणात इंजिनाजवळ उकिडवे बसले होते. मी जवळ गेलो. "काका, आधी सांगायचं तरी, इथं यायचंय म्हणून."

त्यांनी वर पाहिलं नाही. "नवीन इंजिन हाय, मास्तर. पंधरा-वीस किलोमीटर झालं की थांबवून गार करावं लागतं. कुठंतरी थांबायचंच होतं."

आतून काकीच्या हसण्याचा आवाज आला. दोन वर्षांत मी तो ऐकला नव्हता. काकांनी हात पुसला, इंजिनाला तळवा लावून पाहिला आणि म्हणाले, "अजून तापलेलंच हाय. जेवूनच निघू."

त्याला आता चार वर्षं झाली. गाडीनं हजारो किलोमीटर कापलेत. पण दर रविवारी सकाळी ते नवीन इंजिन गागोद्याला जाऊन थांबतं आणि संध्याकाळपर्यंत काही गार होत नाही.