बदली पंखा

बायकोच्या कॉम्प्युटरचा पंखा घरघरतो, एवढ्याशा कारणावरून हिशेबनीसाने सुट्टीच्या दिवशी स्क्रूड्रायव्हर हातात घेतला. (आकडे सोडून इतर कशाला त्याने हात लावू नये, असं सासूबाई नेहमी सांगत. पण ऐकतो कोण?) पंखा काढून त्याने पाण्याने थंड करणारी यंत्रणा बसवली: एक छोटा पंप, दोन नळ्या. आवाज गेला. पाठोपाठ कॉम्प्युटरही गेला. सुरू केला की ‘पंखा फिरत नाही’ असं म्हणून लगेच बंद.

बायकोच्या तोंडचं पाणी पळालं. “अहो, पाचपर्यंत गिऱ्हाइकाला घराचा नकाशा पाठवायचाय. नाही गेला तर ते काम दुसऱ्या कुणाला देतील!”

“अगं, पंखा फिरतोय असं त्याला नुसतं वाटलं की झालं.”

नळीत पाणी वाहतंय की नाही हे सांगणारा एक सेन्सर होता. पाणी आलं की त्याच्या आतलं चिमुकलं चाक फिरे. त्याची तार हिशेबनीसाने पंख्याच्या जागी जोडली. चाक पंख्याहून हळू, म्हणून मध्ये एका फेरीच्या दहा करून सांगणारं सर्किट घातलं. (हिशेब फुगवण्याची त्याची ही पहिलीच वेळ.)

पण पंप चालायचा कॉम्प्युटरच्याच विजेवर. पाणी चाकापर्यंत पोचेस्तोवर कॉम्प्युटर रुसून बंद. तो बंद, की पंपही बंद. शेवटी हिशेबनीसाने तार तशीच ठेवून सेन्सर नळीतून काढला, नळी सरळ जोडली, सेन्सर पुसला, तोंडात धरला आणि फुंकर मारली.

कॉम्प्युटर सुरू झाला!

“जमलं!” तो ओरडला. कॉम्प्युटर बंद.

“बोलू नका हो! फुंका!”

तो स्टुलावर बसून फुंकत राहिला. (श्वास आत ओढतानाही चाक फिरायचं, म्हणून वाचला.) बायको नकाशा काढत होती. सासूबाई दारात थबकल्या.

“जावईबापूंना काय झालं गं?”

“पंख्याच्या जागी बसलेत.”

“बरं झालं. कामाला तरी लागले.”

पाचाला थोडा वेळ असताना नकाशा गेला. बायकोने हुश्श केलं, आणि तिची नजर टेबलावरच्या जुन्या पंख्याकडे गेली. तार धडधाकट होती.

“अहो, हाच पंखा इथे टेबलावर फिरत ठेवून त्याची तार जोडली असती, तर नसतं चाललं?”

कॉम्प्युटरची आता कुणालाच गरज नव्हती. पण उत्तर द्यायचं तर तोंड मोकळं करावं लागलं असतं. हिशेबनीस आणखी जोरात फुंकू लागला.