दौलतभाऊंच्या लाल रेघा

दौलतभाऊ रोज संध्याकाळी साडेपाचला अंघोळ करतात, धुतलेला पांढरा सदरा घालतात आणि कॉम्प्युटरसमोर बसून हार्ड डिस्कचं डिफ्रॅग सुरू करतात. मग दोन तास ते जागचे हलत नाहीत. कोणी आलं तर चहा मिळतो, पण बोलायचं हळू. 'जोरात बोलू नको, ते काम करून राह्यलं,' असं ते बजावतात. लोक क्रिकेट बघतात, हे पडद्यावरच्या लाल-निळ्या पट्ट्या बघतात.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॉम्प्युटरमध्ये फाईलचे तुकडे जागा मिळेल तिथे जाऊन बसतात. ते हुडकून एका रांगेत लावायचं, याचं नाव डिफ्रॅग. जुन्या कॉम्प्युटरवर तेव्हा डिस्कच्या प्रत्येक भागाची एक पट्टी दिसते. विखुरलेलं ते लाल, जागेवर आलेलं ते निळं, रिकामं ते पांढरं. काम संपलं तरी दोनचार लाल रेघा उरतातच. साऱ्या जगाला त्या चालतात, दौलतभाऊंना चालत नाहीत.

बल्लारपुरात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. त्यामुळे भाऊंच्या डिस्कचे तिन्ही भाग शंभर टक्के निळे करणारं सॉफ्टवेअर शोधायची कामगिरी माझ्या गळ्यात पडली.

"पुरं म्हणजे पुरं, विलास. नव्व्याण्णव नाई. अन् एकबी फाईल मिटली नाई पायजे."

मी आजवर सात आणली. एक रशियन भाषेत होतं. ते भाऊंना फार आवडलं, कारण ते उगाच काही समजावून सांगत नव्हतं. एकात डिफ्रॅग कमी आणि पोट कमी करायच्या जाहिराती जास्त. एकाने पाच मिनिटांत हिरवी खूण करून 'काम फत्ते' असं जाहीर केलं. भाऊंनी भिंग काढलं, पडद्याला नाक लावलं आणि तीन लाल रेघा मोजल्या.

"हा खोटं बोलून राह्यला. मोजणीत चोर आहे. काढ त्याले."

या माणसाने सगळी नोकरी लाकूड डेपोत मोजणीदार म्हणून काढली. जंगलातून आलेल्या सागवानाची लांबी-गोलाई मोजायची, लॉट पाडायचे, थप्प्या लावायच्या. निवृत्त झाले, पण थप्पी डोक्यातून गेली नाही. 'एका लॉटचं लाकूड दोन थप्प्यायत काऊन?' हा त्यांचा जगाला एकच प्रश्न. त्यांच्या पत्नी शांताबाई म्हणतात, "माझ्या पोळ्यायची बी गोलाई मोजतेत हे." पुतण्याच्या लग्नात मांडवाबाहेरचा चपलांचा पसारा त्यांना बघवला नाही. त्यांनी सगळ्या चपला लांबीप्रमाणे लावल्या. आठ नंबरच्या साऱ्या एकीकडे, नऊच्या साऱ्या दुसरीकडे. रांगा देखण्या झाल्या, आणि निम्मं वऱ्हाड दुसऱ्याच्या चपला घालून घुग्घुसला परत गेलं.

गेल्या महिन्यात मी आठवं सॉफ्टवेअर घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्याने स्वच्छ सांगितलं की दुसरा भाग गच्च भरलाय, आधी जागा करा. मी म्हटलं, "भाऊ, थोडं काही काढून टाकू."

भाऊंनी माझं मनगटच धरलं. "काढाचं नाई. कायच काढाचं नाई."

मला वाटलं चिडले. पण त्यांनी खुर्ची ओढून मला शेजारी बसवलं. मग त्यांनीच सांगितलं.

त्यांची मुलगी सुजाता पुण्याला नोकरी करते. कॉलेजात असताना ती पोंभुर्ण्याजवळच्या त्यांच्या गावी गेली होती. तिथे तिने आजीची, म्हणजे भाऊंच्या आईची, धानाची रोपं लावताना म्हणायची रोवणीची गाणी रेकॉर्ड केली आणि या कॉम्प्युटरवर ठेवली. पुढे आजी गेली. चार वर्षांपूर्वी डिस्क भरली, तेव्हा भाऊंनी डेपोच्या रिवाजाने साफसफाई केली. डेपोत ज्या लाकडावर खूण नाही ते जळाऊच्या ढिगात जातं.

"नावच नव्हतं त्या फाईलींवर. नुसते आकडे. मी जळाऊत टाकलं, विलास. माझ्याच मायचं गाणं."

सुजाता एवढंच म्हणाली होती, 'मला विचारायचं तरी, बाबा.' तेव्हापासून ती आईला फोन करते, घरी येत नाही.

"मंग कोणीतरी सांगतलं का मिटवलेली फाईल लगेच जात नाई, तिचे तुकडे तिथीच पडून राहतेत. म्हटलं, सारे तुकडे एका रांगीत आणणारं काई सापडलं, तर गाणं जुळन."

ऐकलेलं अर्धं खरं होतं. तुकडे राहतात, पण त्यांच्यावर दुसरं काही येऊन बसेपर्यंतच. आणि डिफ्रॅग नेमकं तेच करतं, एक उचलून दुसऱ्याच्या जागी ठेवतं. चार वर्षं, रोज संध्याकाळी, धुतलेला सदरा घालून, हा माणूस आपल्या आईचा आवाज आपल्याच हाताने पुसत होता. मी त्यांना हे सांगितलं नाही, आणि सांगणारही नाही.

मी विचारलं, "भाऊ, तुम्हाला येतं का त्यातलं एखादं?"

"बायायचं गाणं आहे ते."

"पण येतं का?"

आतून शांताबाई म्हणाल्या, "येते त्यायले. लहानपणी रोवणीत मायच्या मांगं मांगं राहत."

मी माईक लावला. भाऊंनी मला आणि बाहेर आलेल्या शांताबाईंना भिंतीकडे तोंड करायला लावलं आणि चार ओळी म्हटल्या. आयुष्यभर थप्प्यांचे आकडे ओरडून सांगणारा तो गळा, सुरांशी त्याचा काही संबंध नव्हता. मला हसू येणार होतं, ते आलं नाही. फाईलला नाव त्यांनीच सांगितलं: आईचं नाव, गाव, गाणाऱ्याचं नाव, एकूण ओळी चार. ती मी भाऊंच्या मोबाईलवरून सुजाताला पाठवली.

दोन दिवस उत्तर नाही. त्या दोन दिवसांत डिफ्रॅगही झालं नाही, असं शांताबाईंनी सांगितलं. तिसऱ्या दिवशी भाऊ दुकानात आले आणि फोन माझ्यापुढे ठेवला.

"वाच. चष्मा नाई आणला."

चष्मा त्यांच्या नाकावर होता. मी वाचलं. 'बाबा, तिसरी ओळ चुकली. आजी तसं म्हणत नव्हती. शनिवारी येते, शिकवते.'

भाऊ बाकावर बसले. मी विचारलं, "काय लिहू उत्तर?"

"लिही," ते म्हणाले, "चवथी बी चुकली आहे. चार दिवस राहाले ये म्हण."