इनासकाकांची हजेरीवही

आमचे इनासकाका बातमी खालून वर वाचतात.

थट्टा नाही. इंटरनेटवर ती एक साइट आहे ना, जिथे लोक कुठकुठल्या बातम्यांचे, लेखांचे दुवे आणून टाकतात आणि त्याखाली बाकीचे आपापली मतं लिहितात, तिथे हा माणूस रोज सकाळी सात वाजता जातो आणि थेट तळाशी उतरतो. सगळ्यात शेवटची कॉमेंट आधी. मग तिच्या वरची. मग तिच्या वरची. असा जिना चढत चढत काका मूळ बातमीच्या दाराशी पोहोचतात आणि बहुतेक वेळा आत पाऊल न टाकताच परत फिरतात.

"काका, बातमी तरी उघडा!" मी एकदा म्हटलं.

"कशाला? बाहेरच्या चपला बघितल्या की घरात काय चाललंय ते कळतं," काका म्हणाले. मग फोनकडे बघून त्यांनी मान हलवली. "हल्ली सगळ्या एकाच पायाच्या चपला."

याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. आजही पूर्ण कळलाय असं छातीठोकपणे सांगत नाही.

वसईत पश्चिमेला आमची सोसायटी आणि तिच्या कुंपणाला लागून काकांची वाडी. मी मूळचा कणकवलीकडचा, नोकरीपायी इथे तळमजल्यावर फ्लॅट घेऊन राहिलेला. काका इथल्याच जुन्या ख्रिस्ती घरातले. केळी, अळू, एक विहीर आणि एक लांबलचक ओटा एवढी त्यांची मालमत्ता. त्या ओट्यावर बसून ते आणि सेलिनकाकी आपसात त्यांच्या बोलीत भांडतात. वीस वर्षं कुंपणाला कान लावून मला ती बोली निम्मी समजते, आणि नेमकी माझ्याविषयीची निम्मी समजत नाही.

काका टेलिफोन खात्यात लाइनमन होते. "फोन बंद आहे" अशी तक्रार आली की बाकीचे लाइनमन खांबावर चढायचे, काका आधी घरात शिरायचे. एकदा म्हणे एका म्हातारीचा फोन आठवडाभर बंद. तार शाबूत, खांब शाबूत. काका घरी गेले तर म्हातारीने सुनेला माहेरी बोलता येऊ नये म्हणून रिसीव्हर उशीखाली दाबून ठेवलेला! काका तिथे दोन तास बसले, चहा प्याले, सासूसुनेचा समेट केला आणि रिपोर्टात लिहिलं, "दोष दूर केला." तेव्हापासून त्यांचं ब्रह्मवाक्य एकच. "लाइन डेड आहे की माणूस डेड आहे, ते घरी गेल्याशिवाय कळत नाही."

तर हे काका निवृत्तीनंतर त्या साइटवर रमले. पूर्वी तिथे काय मजा होती, असं ते सांगतात तेव्हा त्यांचा चेहरा जेवणावळीची आठवण काढणाऱ्या माणसासारखा होतो. कुणी विहिरींवरचा लेख टाकावा, त्याखाली कुणी आपल्या गावच्या विहिरीचं सांगावं, कुणी त्याला खोडावं, तिसऱ्याने आजोबांचा दाखला द्यावा. नऊ-नऊ दिवस एक विषय चालायचा. आणि आता? काका फोन डोळ्यांपासून लांब धरून वाचायला लागतात.

"'पहिला!' कसला पहिला? कोण धावत होतं? हे बघ, 'गप रे.' हे बघ, 'तुमच्याच पक्षाला विचारा.' विषय काय? तर पांढरा कांदा! आणि हा गुडघेदुखीचं तेल विकतोय. खरखर आहे नुसती, सावंत. बोलणं नाही."

निकृष्ट कॉमेंटला काकांचा शब्द 'खरखर'. खराब लाइनवर ऐकू येते तीच.

त्यातून एक नवीनच भानगड सुरू झाली. काकांनी गावातल्या बावखलांवर, म्हणजे इथल्या जुन्या गोड्या पाण्याच्या तळ्यांवर, काही लिहिलं. लगेच उत्तर आलं, "आपण मांडलेला मुद्दा अत्यंत विचार करण्याजोगा आहे. याचे तीन पैलू आहेत." काका हरखले. चार दिवस त्यांनी त्या गृहस्थाशी चर्चा केली. पाचव्या दिवशी ओट्यावर चिंतागती बसलेले.

"सावंत, मी काल मुद्दाम उलटं लिहिलं. तरी म्हणतो, 'आपण अगदी योग्य बोललात, याचे तीन पैलू आहेत.' माणूस आहे का काय आहे हा?"

"काका, ते मशीन असणार."

"एवढं हो ला हो तर ही पण लग्नाच्या दिवशी म्हणाली नव्हती."

"फादरनी विचारलं तेव्हा म्हटलं की एकदा," आतून काकी म्हणाल्या. "तिथंच चुकलं."

आता मला एक कबुली द्यायची आहे. त्या साइटवर मीही आहे. 'तिसरी घंटा' या नावाने. तरुणपणी एकांकिका करायचो, त्याची खूण. आणि मी तिथे काय लिहितो? 'अप्रतिम!' बस्स. दुवा उघडायचा नाही, मथळा वाचायचा नाही, अंगठ्याने खाली ढकलत जायचं आणि फुलं उधळल्यासारखं 'अप्रतिम!' टाकत जायचं. दाद द्यायला मला मनापासून आवडतं. कशाला देतोय हा तपशील झाला.

एका सकाळी काका कडाडले, "हा कोण नग आहे बघ! बातमी काय, तर विरारला तीन दिवस पाणी नाही. त्याखाली 'अप्रतिम!' हा 'तिसरी घंटा'. सेलिन, याला एकदा हंडा घेऊन तिकडे विरारच्या फुलपाड्यात उभा करायला पाहिजे."

मी शांतपणे चहा प्यालो. रंगभूमीवरचा अनुभव असा उपयोगी पडतो.

पण काका नुसती कुरकुर करणारे असते तर मी हे लिहायला बसलो नसतो. साइट घसरली असं सगळेच म्हणतात. लोक बिनडोक झाले, असं निदान करून मोकळे होतात. काकांचं निदान वेगळंच. "बिघडला कोणीच नाही. जे बोलायचे ते यायचे थांबलेत. का थांबले?" आणि हे शोधायला त्यांनी नियम लावला चर्चचा.

त्यांच्या गावात असं आहे की एखादं माणूस तीन रविवार मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, दिसलं नाही की कुणीतरी त्याच्या घरी चक्कर टाकतं. जाब विचारायला नव्हे. ताप आहे का, पडलाबिडला का, कुणाशी बिनसलं का, एवढंच बघायला. काकांनी शंभर पानी वही आणली, साइटवरच्या टोपणनावांची यादी केली आणि दर रविवारी हजेरी घ्यायला सुरुवात केली. तीन फुल्या पडल्या की काका माणूस शोधायला बाहेर! टोपणनावाचा माणूस कसा शोधणार, असं मी विचारलं. काका म्हणाले, "खांबावरचा नंबर पुसलेला असला तरी तार कुठंतरी जातेच ना?"

असा त्यांनी एक 'क्रांतिज्वाला' शोधून काढला. हा पूर्वी मोठमोठे जळजळीत निबंध लिहायचा. एका निबंधात गोखिवऱ्याच्या बादल्यांच्या कारखान्याचा उल्लेख होता, तेवढ्यावरून काका माझ्या स्कूटरवर मागे बसून निघाले. क्रांतिज्वाला निघाला एक किडकिडीत सुपरवायझर. आम्हाला बघून त्याला घाम फुटला.

"साहेब, मी सगळं डिलीट करतो!"

"अरे, मी इनास. विहिरीवर तुझ्याशी वाद घातला तो. तीन रविवार दिसला नाहीस, म्हणून आलो."

त्याला काही समजेना. मलाही समजत नव्हतं, म्हणून मी मदत करू शकलो नाही. शेवटी तो एका उलट्या बादलीवर बसला आणि म्हणाला, "काय लिहू, काका? आधी लिहिलं की उत्तरं यायची. आता शिव्या येतात."

काकांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं, अर्धा डझन केळी दिली आणि वहीत नावापुढे लिहिलं, "जिवंत. दुखावलेला."

मग 'मिठागर' दिसेनासा झाला.

मिठागर म्हणजे काकांचा जन्माचा वैरी. बारा वर्षं दोघांचा एकच वाद. सुकेळी! राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात ती. काकांचं म्हणणं, पहिल्या दिवशी ऊन कडक पाहिजे. मिठागराचं म्हणणं, कोवळं. काका काहीही लिहोत, खाली त्याचं उत्तर हजर, "काका, आपण चुकलात." आणि मग शांतपणे, मुद्द्याला धरून, परिच्छेदांमागून परिच्छेद. काका चिडायचे, पण रोज सकाळी जिना चढताना डोळे त्या तीन शब्दांनाच शोधायचे.

पहिल्या रविवारी काका म्हणाले, "गावाला गेला असेल." दुसऱ्या रविवारी जिना दोनदा चढले. तिसऱ्या रविवारी मिस्साहून आले ते कपडे न बदलताच माझ्या दारात.

"जगात मला 'आपण चुकलात' म्हणणारा एक माणूस होता, सावंत."

"आणि मी काय परदेशात असते?" कुंपणापलीकडून काकी.

मिठागराचा पत्ता काकांनी बारा वर्षांच्या कॉमेंटांतून वेचला होता. खिडकीतून डावीकडे मिठागर, उजवीकडे स्टेशन. लिफ्ट सारखी बंद. शेजाऱ्याला ड्रिल मशीनचं वेड. एवढ्या भांडवलावर आम्ही नायगावला गेलो. तिथे नवे टॉवर एकमेकांच्या खांद्यावरून डोकावत उभे. काका प्रत्येक गेटवर मान वर करून विचारायचे, "इथून मिठागर पण दिसतं आणि स्टेशन पण, अशी खिडकी कुठली?"

वॉचमन विचारायचा, "किसके घर जाना है?"

"मिठागर."

"फ्लॅट नंबर?"

"माहीत नाही."

"काम क्या है?"

"तीन रविवार दिसला नाही."

वॉचमन माझ्याकडे बघायचा. मी आकाशाकडे बघायचो.

चौथ्या गेटवर एका वयस्क वॉचमनने डोकं खाजवलं. सतराव्या मजल्यावर एक आजोबा होते म्हणाला. एकटे. दिवसभर खिडकीत फोन घेऊन बसायचे. महिन्यापूर्वी मुलगा येऊन घेऊन गेला, पुण्याला की परदेशात ते ठाऊक नाही. तब्येत? ते पण ठाऊक नाही. ड्रिल? हां, ड्रिलवरून त्यांची शेजाऱ्याशी नेहमी कटकट असायची.

तोच मिठागर होता का? असेल. नसेलही. काकांनी खालून बोटाने सतरा मजले मोजले. मग पिशवीतून त्यांनी सुकेळ्यांची पुडी काढली, त्यावर चिठ्ठी लिहिली, "मिठागर यांस. आपण चुकलात. खाऊन बघा," आणि वॉचमनच्या हातात ठेवली. "आले तर द्या."

पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो. आजोबा आलेच नव्हते, आणि सुकेळी खराब होतील म्हणून वॉचमननेच खाऊन टाकली होती.

"कशी होती?" काकांनी विचारलं.

"एक नंबर!"

काका स्कूटरवर बसता बसता पुटपुटले, "इथंपण खरखर."

त्या दिवशी परत येताना माझ्या मनात आलं, हा माणूस एकेका माणसासाठी इतका वणवण करतोय, आणि आपण तिथे 'अप्रतिम' फेकत बसतो. निदान आपला कचरा तरी कमी करावा. मी साइटवर जाणं बंद केलं. कुणाला सांगितलं नाही. सांगणार काय?

काही आठवडे गेले. एका रविवारी दुपारी बेल वाजली. दारात इनासकाका, मिस्साच्या पांढऱ्या शर्टात, हातात केळ्यांची फणी आणि काखेत वही.

"बरा आहेस ना?"

"बरा आहे की! काका, काल तर आपण कुंपणाशी भेटलो."

"काल सावंत भेटला," काका म्हणाले. "'तिसरी घंटा' तीन रविवार दिसली नाही."

माझ्या नाटकी चेहऱ्यावर काय काय झालं असेल कोण जाणे. काका आत येऊन बसले. वही उघडी होती. सगळी नावं होती तिथे. 'पहिला!' म्हणणारा होता, 'गप रे'वाला होता, गुडघ्याचं तेल विकणारा होता, ते तीन पैलूंचं मशीनसुद्धा होतं, एकही फुली नसलेलं. "कधी चुकवत नाही, म्हणून तर संशय," काका म्हणाले. सगळ्यात वर मिठागर, आणि त्याच्यापुढे फुल्याच फुल्या. तरी दर रविवारी नाव पुकारलेलं.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"तू तोंडाने पण असंच बोलतोस. काकीने करपलेली भाकरी दिली तरी 'अप्रतिम'."

"पण काका, मी तर नुसती खरखर. गेलो तर बरंच ना?"

केळ्यांची फणी काकांनी टेबलावर नीट मधोमध ठेवली.

"लाइनमनला खरखर नको असते, खरंय. पण खरखर येते तोवर तार कापलेली नाही, एवढं तरी कळतं. शांत झाली की चढावं लागतं खांबावर." मग गुडघ्यावर हात टेकून उठत म्हणाले, "वय झालं आता. सगळ्यांच्या घरी जाणं होत नाही."

ते गेल्यावर मी साइट उघडली. काकांनी सकाळीच सुकेळ्यांवरचा एक दुवा टाकला होता आणि खाली नेहमीचं लिहिलं होतं, पहिल्या दिवशी ऊन कडक पाहिजे. त्याखाली एक 'पहिला!' आणि तीन पैलू. आयुष्यात प्रथमच मी दुवा उघडला आणि लेख वरून खाली, शेवटपर्यंत वाचला. मग कुंपणाशी जाऊन हळूच सेलिनकाकींना विचारलं.

"कोवळं," काकी म्हणाल्या. "चाळीस वर्षं मीच वाळवते. यांना कोणी विचारलंय?"

मी परत येऊन लिहायला बसलो. सवयीने अंगठा 'अ'वर गेला, तो मागे घेतला. "काका, आपण चुकलात," असं लिहून मी पुढे चांगले दोन परिच्छेद लिहिले, मुद्द्याला धरून, खाली 'तिसरी घंटा'.

थोड्या वेळाने पलीकडच्या ओट्यावरून काकींचा आवाज आला.

"अहो, एकटेच काय हसताय?"