सर्वांत सोपा पेपर

सोल्वेग नववीत गेली त्याच आठवड्यात तिच्या बापाने, आर्लन टॉर्सनने, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि जाहीर केलं की यंदा तिने एक एपी परीक्षा द्यायची, तीही घरच्या घरी स्वतः अभ्यास करून. एपी म्हणजे शाळेत असतानाच द्यायचा कॉलेजच्या तोडीचा पेपर. त्यात पाचपैकी पाच मिळाले की मूल हुशार ठरतं आणि मुलापेक्षा आईबाप जास्त हुशार ठरतात. बाकीची मुलं अकरावीत हा उद्योग करत. पण चर्चमधल्या कुणाचा तरी भाचा दहावीतच बसला होता, तेव्हा आर्लनला नववीशिवाय दुसरा मार्ग उरला नव्हता.

सोल्वेगला मात्र एकच गोष्ट हवी होती. जुलैअखेर तिच्या मैत्रिणी उत्तरेकडच्या तळ्यांत आठवडाभर होड्या वल्हवत फिरायला निघणार होत्या आणि तिला त्यांच्याबरोबर जायचं होतं. आर्लनने तेवढं बरोबर हेरलं.

"पाच आण आणि जा," तो म्हणाला. "नाही आले, तर उरलेला उन्हाळा घरी बसून अभ्यास."

सोल्वेगही काही कच्ची नव्हती. तिने आधीच चौकशी करून ठेवली होती. भूगोल घ्यावा, नववीतल्या पोरांना झेपतो, असं सगळेच सांगत होते. पण सगळे सांगतात म्हणून ऐकेल तो आर्लन कसला. तो विमा कंपनीत होता. माणूस साधारण केव्हा मरेल याचा हिशेब मांडण्याचा त्याला पगार मिळे. त्याने सगळ्या विषयांच्या निकालाचा तक्ता काढला, पाच गुण मिळवणाऱ्यांची टक्केवारी वरून खाली लावली आणि स्क्रीन मुलीकडे वळवली. भूगोल कुठेतरी खाली लोळत होता. सगळ्यात वर होती चिनी भाषा. बसणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त मुलांना थेट पाच.

"हा सर्वांत सोपा पेपर," आर्लन म्हणाला.

"बाबा, मला चिनी येत नाही."

"मग त्यांना काय जन्मापासून येत होती?"

या प्रश्नाचं उत्तर त्या टेबलावर कुणीतरी द्यायला हवं होतं. आर्लनच्या बायकोला, मार्गितला, ते सुचलंही होतं. पण ते राहत त्या अमेरिकेतल्या मिनेसोटात माणसाला तोंडावर 'तू चुकतोयस' म्हणणं म्हणजे त्याच्या ताटातला घास काढून घेण्यासारखं समजतात. फारच झालं तर "वेगळं आहे" म्हणतात. मार्गित म्हणाली, "वेगळं आहे," आणि ओव्हनमधलं भांडं बघायला उठली.

शाळेत नावं नोंदवून घेणाऱ्या मिस डूली यांनीही अर्ज पाहिला, मग सोल्वेगचे पिवळेधमक केस पाहिले, मग पुन्हा अर्ज पाहिला. आजी वगैरे असेल एखादी तिकडची, असा त्यांनी मनाशी सोयीस्कर अंदाज केला. विचारणं बरं दिसलं नसतं. "वेगळं आहे," त्या म्हणाल्या आणि शिक्का मारला. रविवारी चर्चमध्ये कॉफी पिताना आर्लनने ही बातमी स्वतःच सगळ्यांना दिली. पाद्रीबाबांपासून सगळ्यांनी ती वेगळी असल्याचं मान्य केलं. आता माघार घ्यायची तर संबंध चर्चसमोर घ्यावी लागणार होती.

शेवटची आशा शेजारच्या ओयांगबाई होत्या. दर शनिवारी त्याच चर्चच्या तळघरात त्या मुलांना चिनी शिकवत. या परीक्षेला कोण बसतं हे त्यांच्याइतकं त्या गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. पण वीस वर्षं मिनेसोटात राहून त्याही अगदी इथल्याच झाल्या होत्या. दारातला बर्फ उपसता उपसता आर्लनने त्यांना बेत ऐकवला, तेव्हा त्या फावड्यावर रेलून बराच वेळ बर्फाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या की वेगळं आहे, आणि मुलीला शनिवारी पाठवा.

अक्षरओळख नसलेल्यांचा एकच वर्ग होता, तो बालवाडीचा. त्या बाकाखाली सोल्वेगचे गुडघे मावत नसत, म्हणून ती तिरकी बसायची. आर्लन तिला गाडीने सोडायचा. जानेवारीत गाडीत थांबलं तर माणूस गोठून जाईल अशी थंडी पडली, तेव्हा तोही आत येऊन मागच्या छोट्या खुर्चीवर बसू लागला. पोरं सुरात चिनीत म्हणत, 'कोट घाल, बाहेर थंडी आहे.' मागून आर्लनही तोंडातल्या तोंडात म्हणे. पोरांना अजून मिनेसोटाचं वळण लागलेलं नसल्याने ती मागे वळून त्याच्या चुका काढत.

मार्चमध्ये सोल्वेगने सरावाचा पेपर सोडवायला घेतला आणि पहिल्याच पानावर पेन खाली ठेवलं. शनिवारी तिने ओयांगबाईंना सरळ विचारलं, "काकू, हा पेपर देतं तरी कोण?"

ओयांगबाईंनी खूप वेळ फळा पुसला. "आमच्या मोठ्या वर्गातली मुलं," त्या शेवटी म्हणाल्या. "घरी आजीशी चिनीतच भांडतात ती."

घरी येताना सोल्वेगने हे बापाला सांगितलं. आयुष्यभर ज्या माणसाने आकड्यामागचा माणूस मोजून पोट भरलं, त्याला आकड्यामागची आजी दिसली नव्हती. त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. पण तोंडातून निघालं ते इतकंच, की आता नाव घातलंय.

मे महिन्यात पेपर झाला. मोठ्या वर्गातली मुलं गप्पा मारत आली आणि गप्पा मारत गेली. कॉम्प्युटरने सोल्वेगला चिनीत विचारलं की तुमच्याकडे नवीन वर्ष कसं साजरं करतात. आमच्याकडे एक मोठं मांजर आहे, असं तिने उत्तर दिलं. पुढच्या सगळ्या प्रश्नांनाही तिने मांजरच दिलं. टॉर्सनांकडे मांजर नव्हतं, पण वाक्य तेवढंच येत होतं.

जुलैत निकाल लागला. पाचपैकी एक. एक हा गुण पेपरला हजर राहिल्याबद्दल मिळतो. आर्लनने तो वाचला आणि सकाळीच कापलेलं गवत पुन्हा कापायला निघून गेला. सहलीबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही. सोल्वेगने भरून ठेवलेली पिशवी मुकाट्याने रिकामी केली. मार्गितने ते पाहिलं आणि तिचा जीव तुटला.

त्या रविवारी टॉर्सनांच्या अंगणात शेगडी पेटली होती आणि ओयांगबाई जेवायला आल्या होत्या. आर्लन पाठमोरा उभा राहून सॉसेज परतत होता. घरच्यांसमोर मुलीला अवघडायला नको म्हणून बाईंनी हलकेच चिनीतच विचारलं की तळ्यांवर कधी निघणार.

सोल्वेगनेही तिच्या मोडक्यातोडक्या चिनीत सांगितलं, "जात नाही. बाबाला पाच पाहिजे. बाबा आकडा बघतो. बाबा मला बघत नाही."

शेगडीवरचा चिमटा थांबला होता.

"बाबा चुकला," आर्लन मागे न वळता म्हणाला. तोही चिनीत. "तू जा. कोट घाल, बाहेर थंडी आहे."

सोल्वेग उठली आणि बापाच्या पाठीला जाऊन चिकटली. नवरा काय बोलला ते मार्गितला कळलं नाही, पण तिने डोळे पुसले. ओयांगबाईंनी हातातली ताटली खाली ठेवली आणि वीस वर्षांत पहिल्यांदा शेजाऱ्याला मनातलं तोंडावर सांगितलं.

"आर्लन, सोल्वेगऐवजी तुम्ही बसला असतात तर निदान दोन मिळाले असते."

आर्लन सावकाश वळला. मुलगी अजून पाठीला होतीच.

"दोन मिळणारे," त्याने विचारलं, "साधारण किती टक्के असतात?"